पश्चिमेचा काटा

"बाळाचा आवाज ऐकवणारं ते यंत्र इथे लावू नकोस," टॅमसिनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमचं सामान अजून गाडीतून उतरत होतं, पर्ल माझ्या कडेवर किंचाळत होती आणि ही बाई माझ्या उघड्या खोक्यात डोकावून बोलत होती. "भिंत आपल्याला अडवते गं, त्याच्या लाटांना नाही अडवत. लाकूड, प्लास्टर, गादी, तू, मी, सगळ्यांतून आरपार. आणि आमच्या दुर्बिणीचे कान फार तिखट आहेत."

मी "बरं बरं" म्हटलं आणि खोकं पायाने बाजूला सरकवलं. हिला ना मूल ना बाळ, हिला काय कळणार, असं मनात आलं. शिवाय बोलताना तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. रीस गाडीच्या टपावरून पाळणा उतरवत होता, तो खालून झेलायला ती धावली. त्याने हाक मारली नव्हती. तरी दोघांनी तो असा अलगद उतरवला, जणू आयुष्यभर जोडीने पाळणेच उतरवत आलेत.

रीस माझा नवरा. रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या ताटल्यांच्या केबली आणि जोड बघणं हे त्याचं काम. टॅमसिन त्याच्या जोडीला. आकाशातून न आलेला आवाज हुडकून काढणं हे तिचं. आमच्या ताटल्या आकाश बघत नाहीत, ऐकतात. दूरच्या ताऱ्यांपुढे धुळीचे ढग असतात, त्यांत उजेड अडकून पडतो. पण रेडिओच्या लांब लाटांना ती धूळ जाणवतसुद्धा नाही. त्या थेट आमच्या या लाल मातीपर्यंत येतात, पण इतक्या क्षीण होऊन की शेजारी कोणी कुजबुजलं तरी बुडून जाव्यात. म्हणून इथे मोबाइल नाही, वायफाय नाही. गाड्या सगळ्या डिझेलच्या, कारण पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगीही ताटल्यांना किंकाळीसारखी ऐकू जाते. खानावळीतला मायक्रोवेव्ह पत्र्याने मढवलेल्या बंद खोलीत असतो. आमचा आचारी नॉर्म सूप गरम करायला निघाला की म्हणतो, "कैद्याला भेटून येतो."

हे सगळं मला कळत होतं. मी कॉलेजात शिकलेली आहे. पण माझ्याजवळ पर्लच्या छातीची एक्स-रे फिल्म होती.

इथे यायच्या आधी पर्लला न्यूमोनिया झाला होता. जेराल्डटनच्या डॉक्टरने ती फिल्म उजेडाच्या पाटीवर लावून मला दाखवली. किरण मांसातून सहज जातात, म्हणाला, हाडाशी अडतात. गेले ते काळं, अडले ते पांढरं. पर्लच्या बरगड्या मासळीच्या काट्यांसारख्या बारीक पांढऱ्या दिसत होत्या. आणि खाली एका बाजूला, जिथे नुसता श्वास असायला हवा, म्हणजे काळं असायला हवं, तिथे पांढरा ढग बसला होता. पर्ल त्यातून बरी झाली. मी झाले नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे.

म्हणून मी ते यंत्र लावलं. अर्धं पाळण्याखाली, लाकडी पेटीत, वर गोधडी गुंडाळून. अर्धं माझ्या कमरेला, स्वेटरच्या आत; कमरेचं बंद केलं की पाळण्याखालचंही बंद व्हायचं. धुणं वाळत घालताना, खानावळीतून पाव आणताना तिचा श्वास माझ्या पोटाशी ऐकू यायचा. गोधडीतून उजेड येत नाही, आवाज येत नाही, मग लाट कशी जाईल, असं मी स्वतःला समजावत असे. दुकानदारही म्हणाला होता, बागेच्या कुंपणापलीकडे हे पोचत नाही. रीसला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग हिवाळ्याच्या तोंडावर काटा आला.

ताटल्यांनी ऐकलेलं पडद्यावर रेघेसारखं उमटतं, त्यात कुठूनतरी उपटसुंभ आवाज घुसला की रेघेतून काट्यासारखं टोक वर येतं. म्हणून सगळे त्याला काटाच म्हणतात. हा दुपारी यायचा, संध्याकाळी परत यायचा, मध्येच गायब व्हायचा. आला की रीस आणि टॅमसिन गाडी घेऊन निघायचे. तो चालवायचा, ती हातात अँटेना आणि कानांवर हेडफोन घेऊन डावीकडे, उजवीकडे, थांब, असं सांगायची.

"कुठून येतोय?" मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. हातातली बशी पुसायची थांबले होते.

"पश्चिमेकडून," रीस म्हणाला. "कुंपणाच्याही पलीकडून. टॅमसिन म्हणते खाणवाल्यांचा ट्रक असणार."

आमचं घर पूर्वेला. मी बशी पुसून ठेवली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

नॉर्मचं म्हणणं वेगळं होतं. "एखाद्या एमूने फोन गिळलाय," तो पावाची लादी कापत म्हणाला. "चालत फिरतोय मेला. म्हणून सापडत नाही." मग सुरी माझ्याकडे रोखून, "आणि काय गं मार्नी, गेला का नवरा काट्याला? जप हो. माझी बायकोसुद्धा जाताना 'जरा जाऊन येते' एवढंच म्हणाली होती."

"गप रे नॉर्म."

"मी गप्पच असतो. गावाला तोंड आहे."

गाव कसलं, आम्ही मूठभर माणसं. पण नॉर्मचं ते बोलणं मला टोचलं ते टोचलंच.

तेव्हापासून मी बघू लागले. आधीही बघत होते, पण आता हिशेबाने बघू लागले. रीसच्या टोपीवर आणि तिच्या टोपीवर एकाच रंगाची धूळ. त्याच्या जॅकेटला तिच्या सनस्क्रीनचा, खोबऱ्यासारखा वास. गाडीत संत्र्याची सालं, अखंड वेटोळ्यात सोललेली. तशी फक्त रीसच सोलतो, आणि स्वतः तो संत्रं खात नाही. लग्नाआधी माझ्यासाठी सोलायचा. आता पर्ल झाल्यापासून मीच दोघींसाठी सोलते, वेड्यावाकड्या तुकड्यांत.

तो "आम्ही" म्हणू लागला होता. आम्ही टेकडीपर्यंत गेलो. आम्हाला घोरपड दिसली. आम्ही तिथेच चहा केला.

"आम्ही म्हणजे कोण?" मी एकदा विचारलं.

"अगं म्हणजे काय? मी आणि टॅमसिन."

"टॅमसिनला चहा कसा लागतो?"

"बिनसाखरेचा. का गं?"

"काही नाही. मला कसा लागतो?"

त्याने हसून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं गंमत चाललीय. "तुला? तुला गार झालेला लागतो. पर्लच्या मागे फिरत अर्धा कप तसाच ठेवतेस ना."

बरोबर होतं ते. म्हणून जास्त राग आला.

टॅमसिन घरी आली की पर्ल हात पुढे करून तिच्याकडे झेपावायची. टॅमसिन तिला वर उचलून हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, "ऐक गं बयो, तारा बोलतोय." पर्ल खदखदून हसायची. माझ्याकडे ती अशी हसत नसे. माझ्याकडे बघून ती माझाच चेहरा करायची, कपाळाला आठी घातलेला.

मी टॅमसिनला सरळ काही विचारलं नाही असं नाही. एकदा दाराशी विचारलं, "सापडत कसा नाही तो काटा? तुझा तर हातखंडा आहे म्हणे."

"सापडेल," ती म्हणाली. अँटेनाची दांडी तिने दुसऱ्या हातात घेतली. "घाई काय आहे?"

"तुला नसेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या पायावर पाय दिला. मग म्हणाली, "पर्लचा खोकला कसा आहे?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. तिला खोकल्याचं कोणी सांगितलं? रीसने. म्हणजे गाडीत माझ्या मुलीच्या खोकल्याच्याही गोष्टी होतात.

त्या दिवशी सूर्य मावळायला आला होता. पर्ल नुकतीच झोपली होती. खिडकीतून मला त्यांची गाडी परतलेली दिसली, पण ती आमच्या घराकडे वळली नाही. अंगणापलीकडे मेंढ्या कातरणाऱ्यांची जुनी खोली आहे, आता तिथे सामान ठेवतात. तिच्यापुढे ती उभी राहिली. कोणी बाहेर दिसेना. मी वाट बघितली. गाडी तशीच.

ओट्यावर रीसचा तो उष्णता दाखवणारा कॅमेरा पडला होता. केबलचा कुठला जोड तापलाय हे बघायला ते वापरतात. आल्या-आल्या त्याने मला गंमत दाखवली होती. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत हात घातला, आणि डोळ्यांना नुसती पिशवी दिसत असताना कॅमेऱ्यात त्याची पाचही बोटं पिवळीधमक दिसली. "उजेड अडला, ऊब नाही अडली," तो म्हणाला होता.

मी कॅमेरा उचलला, स्वेटर खाली ओढलं, कमरेवर पर्लचा श्वास चालू आहे ना ते ऐकलं आणि अंगण ओलांडलं.

त्या खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी आहे. काचेवर आतून लाल धुळीचा असा थर की कपाळ टेकवलं तरी आत काही दिसू नये. मी चार पावलं मागे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी कॅमेरा डोळ्यांपुढे धरला.

आत एक बाई उभी होती.

निळ्या-काळ्या गारव्यात तिचं अंग नारिंगी दिसत होतं, अंधुक, पण बाईच. केस मोकळे सुटलेले. ती हलत नव्हती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. रडत होती.

गळ्यात गळे घालून असते तर मी समजले असते, त्याची तयारी मी रोज करत होते. पण रडणं? त्याच्यापुढे ती रडते आणि तो बाजूला कुठेतरी गुन्हेगारासारखा उभा आहे, म्हणजे यांच्यात भांडायला, रुसायला जागा आहे. मी शेवटची त्याच्यापुढे कधी रडले होते? पर्लच्या फिल्मपुढे. तेव्हाही त्याने डॉक्टरकडे बघून मान हलवली होती.

तिच्या कमरेपाशी एक लहानसा चौकोन बाकी अंगाहून जास्त पिवळा दिसत होता. तो काय असेल हे मला कळेना. तेवढ्यात माझ्या कमरेला पर्ल खोकली. माझा हात आपोआप तिकडे गेला.

आतल्या बाईचाही गेला.

"ती तूच आहेस मार्नी," मागून आवाज आला.

टॅमसिन कोपऱ्याशी उभी होती. अँटेनाची दांडी तिने माझ्यावर रोखली होती. "काच आहे ती. कचऱ्याच्या पिशवीतून ऊब जाते, काचेतून नाही जात. ती परत फिरते. आरशासारखी."

जे तोंडात आलं ते बोलले. "रीस कुठे आहे?"

"घरी गेला केव्हाच. मागच्या वाटेने. पर्लला बघतो म्हणाला."

आणि तितक्यात माझ्या कमरेतून रीसचा आवाज आला. स्पष्ट, जवळचा, आमच्या दोघींच्या मधोमध.

"काय गं ठमे, जागी? आई कुठे गेली आपली? मला नाही माहीत बाई. मला कोण काय सांगतंय." मग पाळणा करकरला. "तुझी आई हल्ली माझ्याशी बोलत नाही. तुला काही बोललीय का? मी काय केलंय, सांग ना."

मी तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं. पण मला बघायची सवय लागली होती. मी टॅमसिनकडे बघितलं. ती तो आवाज अशी ऐकत होती, मान जराशी कलती करून, नजर हरवल्यासारखी, की मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. तो बोलायचा थांबला तेव्हा तिने श्वास सोडला. इतका वेळ धरून ठेवला होता.

"बंद कर ते," ती म्हणाली. "हे सगळं ताटल्यांना ऐकू जातंय."

मी यंत्र बंद केलं. तिच्या अँटेनाला जोडलेली पेटी चिवचिवत होती ती गप्प झाली.

"हाच का काटा?"

"हो."

"पण पश्चिमेला..."

"पश्चिमेला काहीच नव्हतं." ती दांडी मिटवू लागली, एकेक कांडी आत सारत. "पहिल्याच संध्याकाळी कळलं मला. तुझ्या घरावर अँटेना फिरवली आणि कान फुटायची वेळ आली. रीस गाडी चालवत होता. मी त्याला म्हटलं, पश्चिमेला घे."

"का?"

"कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. घर गेलं असतं. पर्लला घेऊन कुठे जाणार होतात?"

"एवढंच?"

तिने शेवटची कांडी आत ढकलली. ती अडकत होती. "नाही. सापडला असता तर शोधही संपला असता."

मी तिला मारलं असतं. खरंच सांगते, हातात जड कॅमेरा होता. पण त्यात तिने माझ्याकडून हिसकावून घेतलेलं असं काहीच नव्हतं. गाडीतल्या संध्याकाळी, संत्र्याच्या पाकळ्या, एवढंच तिने घेतलं होतं. आणि तेही मीच रोज पर्लला झोपवून, यंत्र चालू करून, तिच्या हाती देत होते.

"त्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"रीसला? त्याला तर तू रुसलीयस हेही पुरतं कळलेलं नाही," ती म्हणाली आणि थोडी हसली. ती रडली असती तरी मला एवढं झोंबलं नसतं, जेवढं ते हसू झोंबलं. "जा घरी. आणि ते यंत्र बिस्किटांच्या डब्यात घाल. पत्र्याच्या. झाकण घट्ट बसतं का बघ, फट राहिली तर तेवढ्यातूनही निसटतं."

मी डब्यात घातलं. झाकणाभोवती फॉइल गुंडाळली. पर्लचा पाळणा आमच्या पलंगाला खेटून ओढून घेतला, आणि रीस म्हणाला, "हे आधीच का नाही केलं?" मी म्हटलं, "असंच."

दोन-तीन दिवसांनी तो खानावळीतून आला तो बूट आपटत. "तुला सांगतो, माणसाचा भरवसाच नाही! काट्याचं काय होतं माहितीय? टॅमसिनचं मनगटावरचं घड्याळ! पळताना छातीचे ठोके मोजतं आणि लाटा सोडत राहतं ते. स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं म्हणे, विसरून चालूच राहिलं. महिनाभर मला रानोमाळ पळवलं, स्वतःच्याच हातावरचा काटा शोधायला! आणि मी शहाणा गाडी हाकतोय."

"मग आता?"

"आता काय. दक्षिणेच्या चौकीवर धाडलंय. एकटी बसून ऐक म्हणावं आपलं घड्याळ." त्याने पाणी पिऊन पेला ठेवला. "मला वाटलं होतं ती हुशार आहे."

मला क्षणभर गुदगुल्या झाल्या, लपवत नाही. त्याच्या तोंडून तिच्याबद्दल असं ऐकायला मी कितीतरी संध्याकाळी वाट बघितली होती. मग तो अंघोळीला गेला आणि मी टेबलाशी बसले असताना सगळं उलगडत गेलं. तिने नोकरीवरचं नाव घालवलं, ते एक. पण त्याच्या मनातली जागाही तिने आपल्या हाताने पुसून टाकली. माझं घर राहावं म्हणून की त्याचं राहावं म्हणून, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते. माझ्यासाठी असेल तर मी तिची ऋणी. त्याच्यासाठी असेल तर तिने त्याच्यासाठी जे केलं ते मी कधी केलेलं नाही, आणि हे मला सहन होत नाही.

मी रीसला खरं सांगितलेलं नाही. नोकरीची भीती आहेच. पण खरी भीती ती नाही. मी सांगितलं की त्याचा राग जाईल. तो ओट्यावर जाऊन उभा राहील, दक्षिणेकडे बघेल, आणि टॅमसिन त्याला पहिल्यांदा दिसेल. आजवर त्याला ती दिसलेलीच नाही. ते दाखवणारी मी व्हायला तयार नाही. निदान अजून नाही.

दक्षिणेची चौकी म्हणजे एक खोली, एक अँटेना, पाण्याची टाकी. भोवती काटेरी झुडपं आणि कांगारू. तारेचा फोन आहे, त्यावरून ती दर आठवड्याला नॉर्मला वाणसामान सांगायची. परवा मी पाव आणायला गेले तर नॉर्म सुरी खाली ठेवून म्हणाला, "मटणाचे चॉप नकोत, अंडी नकोत, नुसता चहा आणि बिस्किटं. मी म्हटलं अगं वाळशील, तर हसलीसुद्धा नाही. आणि या आठवड्यात तर फोनच नाही." त्याने या वेळी मला टोमणा मारला नाही. त्याचीच मला धास्ती वाटली.

"तू फोन कर की तिकडे," मी म्हटलं.

"केला. वाजतो. उचलत नाही." मग म्हणाला, "बाहेर अँटेनापाशी असेल. साहेबांच्या कानावर घातलंय, ते म्हणतात गुरुवारी ट्रक जाईल तेव्हा बघतील."

रीसला जा म्हणावं तर तो विचारेल, तुला कधीपासून तिची एवढी काळजी? मला उत्तर देता येणार नाही. मी स्वतः जावं तर पर्लला घेऊन त्या रस्त्याने, आणि दार उघडल्यावर तिच्यापुढे कुठला चेहरा घेऊन उभी राहू?

म्हणून तुम्हाला सांगते. किनाऱ्याकडून आत येणाऱ्या मातीच्या रस्त्याने तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, डिझेलची गाडी असेल, तर जुन्या विहिरीच्या फाट्याला दक्षिणेकडे वळा. फोन बंद करा. दार उघडलं नाही तर मागच्या बाजूने जा, खिडकीवर थाप मारा, हाक मारा, टॅमसिन म्हणून. ती जेवतेय का बघा. तिच्याबरोबर बसून चहा घ्या, बिनसाखरेचा. मी पाठवलंय म्हणू नका, आणि रीसचं नाव तर काढूच नका. पण ती कशी आहे ते मला येऊन सांगा. मलाच सांगा, त्याला नको.